दैव कुठून सुरू होते?

जयपूरपासून समुद्र फार लांब आहे. सरळ रेषेत मोजले तरी खंबायतचे आखात सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. तरीही या शहरातला एखादा सायकलस्वार थंडीत कोकण किनाऱ्याने रेवसहून रेडीपर्यंत, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर, जायचे ठरवतो आणि काही महिने आधीपासून तयारीला लागतो, तेव्हा तो नकळत एका जुन्या प्रश्नाला हात घालतो. जो रस्ता डोळ्यांसमोर नाही, जी हवा इथे नाही, ज्या वाऱ्यावर आपली सत्ता चालत नाही, त्याची तयारी म्हणजे नेमके काय? आणि जे व्हायचे ते होणारच असेल, तर त्या तयारीचे मोल काय? शेतकऱ्याची पेरणी, विद्यार्थ्याचा अभ्यास, साधकाची साधना या सगळ्यांपुढे हाच प्रश्न उभा असतो. पण मोठ्या प्रश्नाची परीक्षा लहान आणि ठसठशीत उदाहरणावर घेतलेली बरी. मोक्षाबद्दल बोलताना माणूस स्वतःला सहज फसवू शकतो. चाकाचा आउट निघाला की नाही याबद्दल फसवणे तितके सोपे नसते. माझे म्हणणे असे आहे की दैव कुठून सुरू होते हे तयारी केल्याखेरीज कळतच नाही. म्हणून तयारीत दैवाचा अनादर नाही. उलट दैवाचे नाव प्रामाणिकपणे घेण्याचा अधिकार तयारीनंतरच मिळतो.

आधी ही तयारी जवळून पाहू. जयपूरचा स्वार चढाच्या सरावासाठी नाहरगडावर जातो. तो एक लांबलचक चढ आहे, वर पोचले की संपला. कोकणातला किनारी रस्ता तसा नाही. खाडी ओलांडली की लगेच उभा चढ, वर कातळाचा सडा, पुढे पुन्हा खाडीपर्यंत उतार, आणि हे दिवसभर. म्हणून शहाणा स्वार नाहरगडाचा निम्माच टप्पा पुन्हा पुन्हा चढतो-उतरतो, पाय थकल्यावरही. दुसरी गोष्ट घामाची. जयपूरच्या कोरड्या हवेत घाम येतो तसाच उडून जातो. अंगावर मिठाचा पांढरा थर राहतो आणि अंग गार राहते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तोच घाम निथळतो, पण उडत नाही, म्हणून अंग निवत नाही. उष्ण हवेत रोज कष्ट केले तर आठवडा-दोन आठवड्यांत शरीर बदलते: घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला द्रव वाढतो. एवढे जयपुरात साधता येते. दमटपणा मात्र तिथे गेल्यावरच भेटणार. तिसरी गोष्ट खाऱ्या हवेची. जयपूरपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर सांभरचे खारे सरोवर आहे. तिकडे जाऊन आलेली सायकल पुसून, चेनला तेल देऊन ठेवली नाही तर कड्यांवर तांबूस गंज चढतो, आणि किनाऱ्यावर रोज संध्याकाळी काय करावे लागेल याचा धडा घरीच मिळतो. मग आगरदांडा-दिघी, वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींच्या वेळा. शेवटी वारा: सकाळी जमिनीवरून मतलई, दुपारनंतर समुद्रावरून खारा. त्या दिवशी तो किती जोराने वाहेल हे जयपुरात बसून कोणालाही सांगता येणार नाही. या यादीत हातातले, अर्धे हातातले आणि हाताबाहेरचे असे तीन भाग आपोआप पडतात. यादी करायला बसण्यापूर्वी ते तीन भाग स्वारालाही ठाऊक नसतात.

जयपूरला हा प्रश्न नवा नाही. अठराव्या शतकात याच शहरात पंडित टोडरमल यांनी ‘मोक्षमार्गप्रकाशक’ लिहायला घेतला. तो ग्रंथ अपुराच राहिला, पण त्यात त्यांनी नेमकी हीच शंका घेतली आहे: मोक्ष योग्य काळ आल्यावर मिळतो, होणार असेल तेव्हा मिळतो, की उद्यम केल्याने मिळतो? त्यांच्या उत्तराचा सारांश असा की योग्य काळ आणि होणारे या काही स्वतंत्र वस्तू नव्हेत. ज्या वेळी कार्य झाले ती वेळ योग्य ठरते आणि जे झाले ते होणारे होते असे म्हटले जाते. माणसाने करावे असे जे उरते ते पुरुषार्थच. पुढे 1963 साली जयपूरच्या खानिया भागात दिगंबर जैन पंडितांची मोठी तत्त्वचर्चा झाली. तिच्यातली लेखी प्रश्नोत्तरे नंतर ग्रंथरूपाने छापली गेली. वादाचा एक कळीचा मुद्दा उपादान आणि निमित्त हा होता. एका पक्षाचे म्हणणे, कार्य वस्तूच्या स्वतःच्या योग्यतेने होते, निमित्त फक्त हजर असते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, निमित्ताचाही कार्यात खरा वाटा असतो. हा वाद मला पंडिती कीस वाटत नाही. नाहरगडाच्या चढाने पायांत बळ आणले, की पायांच्या ठायी असलेली क्षमता चढाच्या हजेरीत प्रकट झाली? उत्तर कोणतेही द्या, एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य करावीच लागते: जो चढाकडे फिरकलाच नाही, त्याच्या पायांची योग्यता काय होती हे कोणालाही सांगता येणार नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान (म्हणजे शरीर), कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा (म्हणजे प्रयत्न) आणि पाचवे दैव. शंकराचार्य या दैवाचा अर्थ इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता असा लावतात. टिळकांचा ‘गीतारहस्या’तला भर यावर आहे की माणसाच्या यत्नाला सृष्टीच्या स्वतंत्र व्यापारांची अनुकूलता मिळाल्याखेरीज कार्य होत नाही. जैन परंपरेत सिद्धसेन दिवाकरांनीही ‘सन्मतितर्का’त काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुष अशी पाच कारणे सांगून त्यांपैकी एकालाच कारण मानणे हे मिथ्यात्व ठरवले. याद्या एकसारख्या नाहीत, त्यांमागची दर्शनेही वेगळी आहेत, पण दोन्हीकडे एकाच कारणाची मक्तेदारी नाकारली आहे. गीता तर लगेच पुढे म्हणते की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची आहे. माझ्या मुद्द्यासाठी या यादीचा क्रम मोलाचा आहे. दैव तिथे पाचवे येते. शरीर, कर्ता, साधने आणि प्रयत्न या चौघांचा हिशेब झाल्यावर त्याचा नंबर लागतो. सैल स्पोक तसेच ठेवून निघालेल्या स्वाराचे चाक दापोलीच्या पुढे डगमगू लागले तर ते दैव नाही, तो साधनांचा न केलेला हिशेब आहे. चाक नीट करून घेतले, दोन ट्यूब आणि पंक्चरचे सामान बरोबर ठेवले, आणि तरीही फुटलेल्या बाटलीच्या काचेने टायर उभा चिरला, तर मात्र दैव म्हणता येईल. दोन्ही वेळा माणूस रस्त्याच्या कडेलाच बसलेला दिसेल. त्यातला भेद त्याने आधी काय केले होते यातच आहे.

यावर पहिला आक्षेप कट्टर नियतिवाद्याचा. तो म्हणेल, तयारी करणे हेसुद्धा ठरलेलेच आहे. मग ही सीमा आखण्याचा आव कशाला? ‘उपासकदशांग’ या जैन आगमात सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची कथा आहे. तो आजीविक मताचा होता, म्हणजे सगळे नियत आहे, उद्यम काही करीत नाही असे मानणारा. महावीरांनी त्याला विचारले, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? तो म्हणाला, प्रयत्नावाचून. मग महावीरांनी विचारले, कोणी ही मडकी फोडली तर तू काय करशील? कुंभार म्हणाला, त्याला शिक्षा करीन. तिथेच त्याचे मत ढासळले. नियतिवाद खोटा आहे असे या कथेने सिद्ध होत नाही, हे मान्य. तिने सिद्ध होते ते इतकेच की ते मत धरून कोणाला एक दिवसही जगता येत नाही. माणूस दुसऱ्याच्या वागण्याचा जाब विचारतो आणि स्वतःच्या आळसापुरता नियतीचा आसरा घेतो. तत्त्वज्ञान म्हणून नियतीचा विचार जरूर व्हावा. पण फक्त निवडक वेळी आठवणारी नियती तत्त्वज्ञान राहत नाही, ती सबब होते.

दुसरा आक्षेप भक्ताचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. तो विचारतो, ज्याचा देवावर भरवसा आहे त्याला इतक्या याद्या कशाला? वारकरी नाव घेत निघतो, वाटेत सगळे होत जाते. पण आषाढीची वारी पाहिली तर उलटच साक्ष मिळते. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या किती आणि मागच्या किती हे ठरलेले आहे, मुक्काम आणि विसावे ठरलेले आहेत, आणि तंबू व शिधा घेतलेले ट्रक दिंडी पोचण्याआधी तळावर पोचलेले असतात. माउलींच्या पालखी सोहळ्याला ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली, आणि त्यांच्या भक्तीबद्दल कोणी शंका घेतलेली नाही. वारीतला साधा म्हातारा माणूस काही न नेता चालताना दिसतो तेव्हा तो तयारीवाचून चाललेला नसतो. त्याच्या वतीने शेकडो हातांनी तयारी केलेली असते. भरवसा आणि तयारी यांचे वैर वारीला माहीत नाही. तयारीचा भार वाटून घेता येतो, ही तिची खरी शिकवण आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. तयारी वाढत गेली की अहंकार वाढतो. आपण सगळे हिशेबात बसवले असे वाटू लागते, शरीराला छळण्यात मोठेपणा वाटू लागतो. आणि दंभाने शरीर पिळणाऱ्या तपाचा गीतेने सतराव्या अध्यायात स्पष्ट निषेध केला आहे. हा धोका खरा आहे. त्यावरचा उतारा अधिक नेमकी तयारी हाच आहे, आणि तो जयपुरात दगडात उभा आहे. सवाई जयसिंगांच्या जंतरमंतरमधले सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्यावरची सूर्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, इतकी की डोळ्यांनी सरकताना दिसते. त्याच यंत्राच्या माथ्यावर आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास ज्योतिषी ध्वज घेऊन चढतात आणि वाऱ्याची दिशा पाहून पावसाचे भाकीत सांगतात. त्या भाकितावर कोणाचा किती विश्वास असावा हा प्रश्न वेगळा. एकाच जिन्याच्या टोकाला सूर्य सेकंदांनी मोजला जातो आणि वाऱ्यापुढे नुसता ध्वज धरला जातो, हे मला बोलके वाटते. ज्याने सूर्य मोजला, त्यालाच वारा मोजता येत नाही हे नीट कळते. सायकलस्वाराचेही तसेच आहे. ज्याने आपल्या पाण्याचा, झोपेचा, चढाचा हिशेब खरेपणाने ठेवला, त्याला खाऱ्या वाऱ्यासमोर नम्र व्हायला वेगळा उपदेश लागत नाही. अर्धवट तयारीचा माणूस मात्र फुशारक्या मारतो, कारण त्याने आपली मर्यादा अजून पाहिलेली नसते.

आता उरतो तो दुःखाचा प्रश्न. सगळी तयारी झाली आणि निघायच्या आठवड्यात ताप आला, घरी आजारपण आले, प्रवास रद्द झाला, तर ते महिने वाया गेले का? कमावलेले बळ पुण्यासारखे साठून राहते असे सांगून समजूत घालणे खोटे ठरेल. उष्णतेची सवय काही आठवड्यांत ओसरते, पायांचा दमही उतरतो. पण तयारीचा एक भाग प्रवास घडण्यावर अवलंबून नव्हता. आपल्या वाट्याचे काय आणि आपल्या वाट्याचे नसलेले काय, हे ज्ञान त्या महिन्यांतच पुरे झाले होते. आजारपण आले तेव्हा त्या माणसाला ‘मी अजून काही केले असते तर’ या टोचणीवाचून ते स्वीकारता येते. हा स्वीकार शांत असतो, कारण त्यात लपवाछपवी नसते. फळाचा आग्रह सोडायला सांगणाऱ्या शिकवणीचा मला कळलेला अर्थ हाच आहे. कर्म नीट न करणाऱ्याला फळाचा आग्रह सोडताच येत नाही. तो फक्त फळाची आशा हरवून बसतो.

या विचाराचा गैरवापर होऊ शकतो. कोणाचे काही बिघडले की तयारी कमी पडली असे म्हणून हात झटकणे फार सोपे असते. जयपूरच्या रस्त्यांवर पहाटे दुधाचे कॅन लटकवून जाणारा माणूस दहा वर्षे जुन्या, ब्रेक झिजलेल्या सायकलवर असतो. त्याला नवे टायर घेणे परवडत नसेल तर ते त्याचे दैव नाही आणि त्याचा आळसही नाही; गीतेच्या यादीतले तिसरे कारण, साधने, त्याच्या हाती पोचू न देणाऱ्या आपल्या व्यवस्थेचा तो दोष आहे. म्हणून ही सीमा ज्याने त्याने फक्त स्वतःसाठी आखावी. स्वतःच्या अपयशाला दैव म्हणायला उशीर करावा, आणि दुसऱ्याच्या अपयशाला निष्काळजीपणा म्हणायला त्याहून अधिक उशीर करावा. वारीत न दिसणारे हात जे काम करतात, ते काम दुसऱ्याच्या वाटेसाठी आपल्याला करता येते का, हे मधल्या वेळात पाहावे. तयारीला धर्म म्हणायचे असेल, तर त्यात स्वतःची सायकल नीट करण्याइतकाच दुसऱ्याच्या ब्रेकचा विचारही आला पाहिजे.