क्यू कोण देणार?

सोमवारपर्यंत तिला होकार किंवा नकार कळवायचा होता. पुण्यातल्या एका शाळेत नाट्यशिक्षिकेची कायम नोकरी. सकाळी साडेसात ते तीन, पगार एक तारखेला. भाचीचं वय २९. सहा वर्षं मुंबईत, अंधेरीत तिघींत एक खोली. शनिवारी ती सांगलीला आली आणि संध्याकाळी आम्ही दोघं कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो.

"मामा, नोकरी घेऊ की नको, हे विचारायला मी आलेली नाही. ते माझं मी ठरवीन. तू एवढंच सांग, घेतली तर मी नटी उरते का?"

"का नाही उरणार? मी तेहतीस वर्षं बँकेत काढली. जमल्या तेवढ्या राज्य नाट्य स्पर्धा केल्या. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. पोट एका जागी, नाटक दुसऱ्या जागी. त्यात कमीपणा कसला?"

"कमीपणाचं कोण बोलतंय? तासांचं बोलू या. तुझी तालीम किती वाजता असायची?"

"साडेसहाला."

"आणि माझी ऑडिशन मंगळवारी सकाळी अकराला असते. निरोप सोमवारी रात्री साडेनऊला येतो. आरामनगरला रांगेत उभं राहायचं, नंबर लागायला कधी दोन वाजतात, कधी पाच. काम मिळालंच तर तारखा त्यांच्या. मालिकेत बारा तासांची शिफ्ट, पैसे नव्वद दिवसांनी. यात बसेल अशी नोकरी दाखव मला. कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी केली मी दीड वर्ष. सकाळच्या ऑडिशनला डोळे सुजलेले असायचे. 'फ्रेश चेहरा हवाय,' म्हणाले."

मी गप्प झालो. आमच्या पिढीनं नाटकावर प्रेम केलं, त्यासाठी झोपेवर पाणी सोडलं, हे खरं आहे. पण आम्हाला ते जमलं त्यात आमच्या निष्ठेइतकाच वाटा बँकेच्या घड्याळाचा होता, हे मी कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढं गावोगाव शाखा निघाल्या, भरती झाली. मराठी हौशी रंगभूमीला कुणी आश्रयदाता असेल तर तो बँकांचा, विमा कार्यालयांचा, सरकारी खात्यांचा हजेरीपट. संध्याकाळी सुटणारा, स्पर्धेसाठी रजा देणारा साहेब. तो हजेरीपट आता कुठं राहिलाय? आणि तो नसताना "नोकरी सांभाळून नाटक कर" हा सल्ला मी तिला कुठल्या तोंडानं देत होतो?

तरीही मी म्हणालो, "१९६९ साली डॉक्टर श्रीराम लागूंनी चांगली चालती प्रॅक्टिस सोडली. बेचाळीस वर्षांचे होते. तुझ्यापुढं अजून तेरा वर्षं आहेत."

"ते लागू होते, मामा. सोडलं तेव्हा त्यांच्यामागं वर्षानुवर्षांच्या भूमिका होत्या. नसतं जमलं तर कान-नाक-घशाचे सर्जन होतेच. आणि त्यांनी 'लमाण' लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. ज्यांनी सोडलं आणि ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांची आत्मचरित्रं आपल्या कपाटात आहेत का?"

"आपल्याच गावाचं बघ. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. १८५१ ला चिंतामणराव गेले आणि आश्रय सुटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ ला मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. काम मिळत नाही, तर उभं करायचं."

"केलं की. आम्ही चौघींनी दीर्घांक केला. हॉलचं भाडं, लाइट, सामानाचा टेम्पो, सगळं आमच्या खिशातून. चार प्रयोग झाले. पाचव्याला पैसे नव्हते. मला त्याचं वाईट वाटत नाही, त्या चार संध्याकाळी मी होते. वाईट वेगळ्याचं वाटतं." ती पायरीवरचा खडा उचलून हातात फिरवत राहिली. "तुम्ही स्पर्धेत हरायचात, बरोबर? पण हरायच्या आधी तुमचा तीन अंकी प्रयोग व्हायचा. परीक्षक शेवटपर्यंत बसायचे. मी दारातच हरते. नाव, उंची, प्रोफाइल सांगते आणि आतला मुलगा म्हणतो 'नॉट फिट'. अजून तोंडसुद्धा उघडलेलं नसतं. कुठं इन्स्टाग्रामवर किती फॉलोअर्स ते आधी विचारतात. भावजयीच्या कामाला गेले तर माझी बोली ऐकून म्हणाले, कामवालीचं आहे एक, करणार? मी केलंही. चांगलं केलं."

"मग रियाज सोडू नकोस. गाणारा मैफल नसली तरी गातोच."

"इथंच तू चुकतोस." ती पहिल्यांदाच माझ्याकडं वळून बसली. "गाणाऱ्यानं बंद खोलीत यमन गायला तर तो यमनच असतो. कवितेला लिहिताना कुणी लागत नाही. मी खोलीत एकटीनं संवाद म्हटले तर ते पाठांतर. समोरच्यानं क्यू दिला, त्यावर माझ्यात काहीतरी हललं, ते बघणाऱ्याला पोचलं, तर अभिनय. म्हणजे मला नटी व्हायलाच दुसऱ्या कुणाचा तरी होकार लागतो. काम नसलं की फक्त भाडं थकत नाही, मामा. मी कोण, तेच थकतं."

यावर काय बोलायचं, ते मला आजही नीट कळलेलं नाही. एकपात्री करणारे आहेत, कीर्तनकार आहेत, हे मनात आलं. पण त्यांनाही समोर माणसं लागतात.

"मग शाळा घे," मी म्हणालो. "रोज चाळीस पोरं समोर. क्यू देतील, ऐकतील."

"तीच तर भीती आहे. मी मनापासून शिकवीन. त्यातल्या दोघीतिघींना ते रक्तात भिनेल. आणि दहा वर्षांनी त्या आरामनगरच्या रांगेत माझ्या जागी उभ्या राहतील. हे माहीत असताना शिकवायचं? तू मला बालनाट्यात उभं केलंस तेव्हा मी आठ वर्षांची होते. बारावीनंतर सगळं घर नको म्हणत होतं, तू एकटा म्हणालास, ही यासाठीच जन्मलीय. तुला माहीत होतं का, तिथं काय आहे?"

"पोहायला शिकवणारा काही प्रत्येकाला समुद्रात ढकलत नाही. नाटकानं माणूस बोलायला, दुसऱ्याचं ऐकायला शिकतो. ते पोटासाठीच असायला हवं असं कुठंय?"

"हे तू शाळेला सांग, ते मान्य करतील. मी तुला विचारलं, तू तेव्हा तसं का म्हणालास?"

पुलावरून गाड्या जात होत्या. मी बराच वेळ पाण्याकडं बघत राहिलो. तिच्यात गुण होते म्हणून म्हणालो, असं सांगता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण ते पुरं नव्हतं.

"मला एकदा विचारलं होतं," मी म्हणालो. "व्यावसायिक नाटकात, मुंबईला. नाईटवर पैसे मिळणार होते. तुझ्या आजीचं आजारपण होतं, मी नाही म्हणालो. आजारपण नसतं तरी बहुतेक नाहीच म्हणालो असतो. तुझ्याबद्दल बोललो त्यात निम्मा मी होतो. माझी जोखीम मी तुझ्या नावावर टाकली."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं खडा पाण्यात टाकला.

"हे तू आधी सांगितलं असतंस तरी मी गेलेच असते," ती म्हणाली. "पण सांगायला हवं होतंस. उद्या माझ्यासमोर अशी एखादी पोर आली, तर तिला गुण आहेत हे सांगायचं, आणि रांगेचंही सांगायचं. दोन्ही एकाच दिवशी."

"म्हणजे शाळा घेतेस?"

"तसं म्हटलं नाही मी."

जेवणं झाल्यावर तिच्या फोनवर निरोप आला. सेल्फ टेस्ट, सकाळी दहापर्यंत पाठवायची. डॉक्टरची भूमिका, सलग पंचवीस दिवसांचं काम. आम्ही मधल्या खोलीत कपाटाच्या दाराला निळी चादर लावली. पोह्यांच्या डब्यावर पुस्तकं रचून त्यावर फोन उभा केला. ट्यूबलाइटचा उजेड कमी पडला म्हणून देवघरातला दिवा ओढून आणला. रुग्णाच्या बापाची वाक्यं मी वाचायची होती.

पहिल्यांदा मी सपाट वाचलं. तिचं काम झाकून जाऊ नये, असं माझ्या मनात होतं. तिनं रेकॉर्डिंग थांबवलं.

"नुसतं वाचू नकोस, मामा. तुझी पोर आत टेबलावर आहे. मला खरंच विचार, ती वाचेल का."

मी चष्मा काढून ठेवला. वाक्यं दोनच होती, पाठ झाली होती. तिनं पुन्हा बटण दाबलं आणि ती चादरीसमोर जाऊन उभी राहिली.