उपसा एकाच जागी

पालघर तालुक्यातल्या मासवणला सूर्या नदीचं पाणी पंपानं उचलतात. धुकटणला ते शुद्ध होतं आणि पुढे वसई-विरारकडे जातं. मासवणचे पंप दुरुस्तीला थांबले की विरारच्या अनेक इमारतींतल्या टाक्या कोरड्या पडतात. अंगणात विहीर असलेल्याचं मात्र त्या दिवशी काही अडत नाही. पण क्लोरीन वाढवायचं म्हटलं, तर नळाच्या पाण्यासाठी धुकटणला एकदाच वाढवलं की भागतं. विहिरी एकेक करून शुद्ध कराव्या लागतात, आणि मुळात त्या कुठे कुठे आहेत हे ठाऊक असावं लागतं.

नळ की विहीर, अशीच निवड सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यापुढे असते. दुसऱ्यानं लिहिलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आपल्या प्रोग्रामच्या फाइलमध्येच भरून टाकायची, की ती संगणकावर एका जागी ठेवून प्रोग्राम सुरू होताना जोडून घ्यायची? पहिलं स्टॅटिक लिंकिंग, दुसरं डायनॅमिक. लिनक्सवर सी भाषेत एक ओळ छापणारा प्रोग्राम डायनॅमिक केला तर साधारण १६ केबीचा होतो. स्टॅटिक केला तर ८०० केबीच्या आसपास जातो. चर्चा बहुधा या आकारावरच अडून बसते. मला तो मुद्दा गौण वाटतो. उद्या दोष सापडला तर दुरुस्ती कोण करणार आणि ती कुठवर पोचणार, हे आधी विचारायला हवं.

७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतला हार्टब्लीड दोष जाहीर झाला. एका विनंतीसरशी सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा मजकूर बाहेर पडू शकत होता. त्यात पासवर्ड असत, गुप्त किल्ल्याही. लायब्ररी सामायिक होती तिथे एक पॅकेज बदललं, सेवा पुन्हा सुरू केल्या, आणि भोक बुजलं. पण जिथे ती प्रोग्रामच्या पोटात होती, तिथे प्रत्येक प्रोग्राम नव्यानं बांधावा लागला. प्रोग्राम कोणत्या सामायिक लायब्ररी वापरतो हे सांगणाऱ्या एलडीडी आज्ञेच्या यादीत अशी पोटातली लायब्ररी दिसतही नाही.

सामायिक असण्यातही धोका आहेच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट पेरल्याचं उघड झालं. तिचं लक्ष्य होता दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर. त्याला स्वतःला त्या लायब्ररीची गरज नव्हती. काही लिनक्स वितरणांत ती लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीच्या मागून त्यात शिरत होती.

तरीही माझं मत पक्कं आहे. कूटलेखन, नेटवर्क, बाहेरून आलेल्या फाइली उघडणं, असली कामं करणारी लायब्ररी सामायिकच ठेवावी. तारापूरच्या एखाद्या कारखान्यात इंटरनेटपासून तोडलेला, वर्षानुवर्षं एकच काम करणारा संगणक असेल, तर तिथे स्टॅटिक खुशाल करा. फक्त आत कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती भरली आहे, याची यादी त्या प्रोग्रामसोबत लिहून ठेवा. पुढचा दोष जाहीर होईल तेव्हा तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ती लागेल.