चौथी सीट

लहानपणी वडील दटावीत, "जरा स्वस्थ बस!" तेव्हापासून 'स्वस्थ' ह्या शब्दाशी माझे कधी सख्य जमले नाही. स्वस्थ म्हणजे न हलणारा, न बोलणारा, कुणाला उपद्रव न देणारा, असाच अर्थ मनात बसला. पुढे संस्कृतच्या तासाला कळले की, जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे तो स्वस्थ. अर्थ उदात्त खरा. पण त्याने माझी अडचण वाढलीच. स्वतःच्या ठायी स्थिर असलेल्या माणसाने दुसऱ्याकडे पाहावे तरी कशाला? आपली झोप, आपला फेरफटका, आपली मनःशांती सांभाळीत बसणे हा एक सभ्य स्वार्थच तर नसेल?

ह्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. एका मुलाने दिले. मी डोंबिवलीला राहतो आणि ठाण्यातील एका शाळेत शिकवितो. काही वर्षांपूर्वी घरात आजारपण होते. रात्री झोप येत नसे, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटे. एके सकाळी गर्दीत चेंगरून वर्गात आलो आणि गृहपाठ न केलेल्या एका मुलाला साऱ्यांसमक्ष नाही नाही ते बोललो. मुलगा रडला नाही. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटले, "जा, जागेवर बस." पण दिवसभर तो प्रश्न टोचत राहिला. माझ्या अस्वास्थ्याची किंमत मी एका अकरा वर्षांच्या पोराकडून वसूल केली होती. आपले मन न सांभाळता ते दुसऱ्याच्या पदरात टाकणे, स्वार्थ म्हणायचा तर ह्याला म्हणावे.

मग मदत मागायची लाज का वाटावी? ठाण्यात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. "ह्याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, आणि मनाचे दुखणे ही भिंतीपलीकडची गोष्ट ठरवून मोकळे झालो. त्याच गावात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. मला तिच्या नावाचेच अप्रूप वाटते. नावात रोग नाही, आरोग्य आहे. तेव्हा गोंधळलेल्या विद्यार्थ्याने, खचलेल्या बापाने, थकलेल्या आईने, कुणीही तेथे जावे. जुन्या भिंतीला दार पडले ते असे.

परंतु एवढ्यावर थांबलो तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारांतली माणसे खाली पडली; चौघे त्याच दिवशी गेले. प्राणायाम करा, मन शांत ठेवा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? जेथे कामावर जाणे हेच जिवावरचे संकट, तेथे स्वास्थ्य ही एकट्याची साधना राहत नाही. गाड्या वाढविणे हेही आरोग्याचेच काम आहे. मात्र ते मागायला उमेद शिल्लक असलेली माणसे लागतात. खचलेला माणूस तक्रारसुद्धा करीत नाही. निमूटपणे दांडी धरून दारात उभा राहतो. समाज बिघडला म्हणून माणूस खचतो, आणि माणूस खचला म्हणून समाज तसाच राहतो. हे चक्र तोडावे कोठून?

मला आमच्या गाडीतला बाक आठवतो. बाक तिघांचा, आणि बसतात चौघे. चौथ्याचे अर्धे अंग अधांतरीच असते. "जरा सरका" म्हटले की खिडकीपासूनचे तिघे दोन-दोन बोटे सरकतात. त्याने कुणाचे फारसे बिघडत नाही, की चौथ्याला गादी मिळत नाही. पण टेकल्यावर त्याचा चेहरा पाहावा! आशा म्हणतात ती याहून मोठी नसावी: आपण "सरका" म्हटले तर कुणीतरी सरकेल, एवढी खात्री. काही दिवशी कुणीच सरकत नाही. ती माणसे दुष्ट असतात असे नाही. पुष्कळदा ती माझ्यासारखीच रात्रभर जागलेली असतात. जो स्वतःच्या जागी नीट टेकला आहे, त्यालाच दुसऱ्यासाठी सरकता येते. वडिलांचे "स्वस्थ बस" मला आता कळते आहे ते असे.

चौथी सीट हा गर्दीवरचा उपाय नाही, हे मी जाणतो. जादा गाडी मागितलीच पाहिजे. पण ती मागायला जाणाऱ्या चौघांची ओळख बहुधा ह्याच बाकावर होते.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्यासाठी सरकला होता. त्याने दिलेल्या जागेवर टेकायला मला फार दिवस लागले.