शिपायाचे शौर्य कशात?



मुलगा सैन्यात भरती झाला की नांदेड-लातूरकडील एखादी आई विचारते, "रोज आपण पंचशील म्हणतो, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील घेतो. मग पोराच्या हाती बंदूक कशी?" प्रश्न रास्त आहे. बाबासाहेब स्वतः सुभेदाराचे पुत्र. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे त्यांचाही आग्रह होता. तेव्हा हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

त्याच महायुद्धाच्या अखेरची एक हकिकत पाहा. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याला लागून असलेल्या नगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फंट्रीत साधे शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांचे सोबती मशीनगनच्या माऱ्यात सापडले. कोणी ठार झाले, कोणी जखमी. जाधवांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. मग मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यायचा म्हणून ते पुन्हा नदीपार गेले आणि शत्रूची ठाणी त्यांनी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अवघ्या २३ दिवसांनी, २ मे रोजी, इटलीतील जर्मन सैन्य शरण आले.

आता विवेकाने विचार करा. ती ठाणी चालू राहती तर नदीत उतरणारे आणखी शिपाई मेले असते. म्हणजे गरज होती. पण मनात सूडही होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका हाच भेद केला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी.

हे दोन धागे बाहेरच्याला वेगळे करता येत नाहीत. ते ज्याचे त्यानेच तपासावयाचे असतात. संयुत्त निकायात एक योद्धा तथागतांना विचारतो, लढता लढता मरणारा स्वर्गाला जातो, हे खरे काय? तथागतांनी ते नाकारले. ठार मारण्याच्या इच्छेने भरलेले मन हीन होय, असे सांगितले. तो योद्धा रडला, कारण जुन्या गुरूंनी त्याला फसविले होते.

म्हणून भरती होणाऱ्या मुलाला वीरस्वर्गाचे आमिष दाखवू नका. त्याला सांगा, कर्तव्य कर, पण मनात द्वेष पोसू नकोस. आणि जाधवांची हकिकत सांगाल तेव्हा जखमींना आणण्याच्या त्या दोन फेऱ्या आधी सांगा. त्या फेऱ्यांत सूड नव्हता.