न दुखणाऱ्याची दाद

पायांशी आपले वागणे मोठे चमत्कारिक आहे. सणासुदीला वडीलधाऱ्यांच्या पायांवर आपण डोके ठेवतो. पण त्या पायांकडे पाहतो मात्र क्वचितच. भोवरी झाली आहे, टाच भेगाळली आहे, की नख मांसात रुतले आहे, हे इतक्या जवळ वाकूनही आपल्या ध्यानात येत नाही. मग हे पाय पाहावेत कोणी? आणि सर्वांचे पाहणे शक्य नसेल, तर आधी कोणाचे?

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. उपचार गरजेप्रमाणे मिळावेत, ऐपतीप्रमाणे नव्हे, हे तिचे तत्त्व. पायांवर उपचार करणारे शिक्षित तज्ज्ञ, ज्यांना पोडायट्रिस्ट म्हणतात, तेही या सेवेत आहेत. परंतु ते सर्वांच्याच वाट्याला येत नाहीत. मधुमेह्याचे पाय, तक्रार असो वा नसो, वर्षातून एकदा तपासावेत असा तेथला दंडक आहे. उलट, कंबर वाकत नाही म्हणून स्वतःची नखे काढता न येणाऱ्या, पण एरवी धडधाकट असलेल्या आजीबाईंना बहुधा परत फिरावे लागते. त्यांनी पैसे मोजून खाजगी तज्ज्ञ गाठावा, नाहीतर एखाद्या सेवाभावी संस्थेचे दार ठोठवावे.

हा न्याय प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. ज्याचे दुखत नाही त्याला बोलावून तपासायचे, आणि जी अडचण घेऊन आली तिला वाटेला लावायचे!

पण मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होत जातात. बुटातला खडा टोचत नाही. नकळत जखम होते, चिघळते, आणि कळते तेव्हा कधी कधी पाय कापण्याची पाळी आलेली असते. म्हणून तज्ज्ञ नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतो आणि विचारतो, कळले का? १० ग्रॅमचा तो दाब जाणवला नाही, तर तो पाय धोक्यात आहे.

बधिरपणाचा हा धोका आपल्या देशाला कुष्ठरोगाने फार पूर्वीच शिकवला. रोग्याची बोटे आपोआप झडतात, असा समज होता. संवेदना गेल्यामुळे लक्षात न आलेल्या जखमाच त्यांचा घात करतात, हे वेल्लोरला काम करणाऱ्या पॉल ब्रँड या शल्यविशारदाने दाखवून दिले. वेदना ही वैरीण नव्हे, पहारेकरीण आहे. बधिर पायांच्या रुग्णांना आपल्या सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मऊ रबराच्या वहाणा मोफत दिल्या जातात, त्या याच जाणिवेतून.

तेव्हा जो दाद मागेल त्यालाच न्याय, ही रीत अपुरी ठरते. ज्याची हाक मारण्याची शक्तीच रोगाने हिरावली आहे, त्याच्यापर्यंत समाजाने आपण होऊन गेले पाहिजे.

मग त्या आजीबाईंचे काय? नखे वाढली की चप्पल बोचते. चप्पल बोचली की देऊळ सुटते, बाजार सुटतो, आणि माणूस उंबऱ्याच्या आत मिटून जातो. ही हानी कोणत्याही धाग्याने मोजता येत नाही. तज्ज्ञ मोजके असतील तर बधिर पाय आधी, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ‘तुमची गरज ही गरजच नव्हे’ असे सांगणे वेगळे, आणि ‘आज आमचे हात अपुरे आहेत’ असे सांगणे वेगळे. पहिल्यात अवहेलना आहे. दुसऱ्यात ऋणाची कबुली आहे. आणि कबूल केलेले ऋणच कधी तरी फेडले जाण्याची आशा असते.

सरकारला असा क्रम लावावा लागतो. घराला तो लावण्याचे कारण नाही. घरातल्या मधुमेह्याला ‘पाय दुखतो का?’ असे विचारून भागणार नाही. ‘तळवा दाखवा पाहू’ असेच म्हणावे लागेल.