औषधाने आलेलं बळ

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या औषधांच्या दुकानात नँड्रोलोनचं इंजेक्शन मागायला दोन तऱ्हेची माणसं येतात. हाडं ठिसूळ झालेल्या एखाद्या आजींचा मुलगा येतो, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. आणि जिममध्ये स्टेरॉइडची ‘सायकल’, म्हणजे ठरावीक मुदतीचा कोर्स, मारणारा पोरगा येतो, चिठ्ठीशिवाय. औषध शेड्यूल एचमधलं. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही. पण परवा एकाने विचारलं, ‘‘काका, आजींना ताकद दिली तर पुण्य, आणि मला दिली तर पाप?’’ याचं उत्तर कायद्यात नाही.

योगसूत्रांचा चौथा पाद तर त्याच्याच बाजूने उघडतो. सिद्धी पाच वाटांनी येतात, असं पतंजली सांगतात : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. व्यासभाष्य औषधी-सिद्धीसाठी असुरांच्या घरातल्या रसायनांचा दाखला देतं, पण ती सिद्धी खोटी आहे असं तेही म्हणत नाही. डायनाबोलसारखं स्टेरॉइड घेऊन व्यायाम करणाऱ्याचे दंड खरोखर भरतात. ते बळ नकली आहे, असं त्याला सांगणं मला खोटेपणाचं वाटतं.

पाच सूत्रं पुढे मात्र पतंजली भेद करतात. या वाटांनी घडलेल्या चित्तांपैकी ध्यानातून आलेलं तेवढं मागे कर्माचा साठा ठेवत नाही. इतरांची बाकी उरते. सूत्र चित्ताबद्दल आहे, स्नायूंबद्दल नाही, हे मी जाणतो. तरी माझ्या धंद्यात ही बाकी मला देहातच दिसते.

टेस्टोस्टेरॉनसारखं द्रव्य बाहेरून आलं की पिट्युटरी ग्रंथी पुरेसं आहे असं धरून चालते आणि वृषणांना एलएच या हार्मोनचा निरोप पाठवणं थांबवते. वृषणं आक्रसतात, शुक्रजंतू घटतात. औषध सोडल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन सावरायला महिने जातात, काहींना वर्षं. त्या काळातलं नैराश्य घरच्यांना आळस वाटतं. चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, रक्त दाटतं, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. पुष्कळशा गोळ्या यकृतात सहज मोडू नयेत अशाच घडवलेल्या असतात आणि भोगतं यकृतच. वाढीच्या वयात हाडांची टोकं वेळेआधी जुळून उंची खुंटते. बाईचा जाड झालेला आवाज बहुधा तसाच राहतो.

धोके आजींनाही आहेत. पण एरिथ्रोपोएटिन येण्यापूर्वी किडनी निकामी झालेल्यांचं रक्त वाढवायला हेच नँड्रोलोन कामी येई. गंभीर भाजलेल्यांचं झिजणारं मांस ऑक्सँड्रोलोनने सावरलं. तिथे शरीराने गमावलेलं परत मिळवायचं असतं. नीट योजलं तर तीक्ष्ण विषही औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधही विष, असं चरकसंहिता सांगते. नीट योजणं म्हणजे माझ्या लेखी गरज पाहून योजणं. विशीतल्या धडधाकट मुलाने काही गमावलेलं नसतं. चालू असलेलंच तो बंद पाडतो.

मग हेतूला किंमत नाही का? तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यांत २०१६ साली रिओ ऑलिंपिकपूर्वी मेथँडिएनोन, म्हणजे डायनाबोलमधलंच द्रव्य, सापडलं. खाण्यापिण्यात कुणी मिसळलं, हे त्याचं म्हणणं ‘नाडा’ने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, मान्य केलं; आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मान्य केलं नाही आणि १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी घातली. देहात जे सापडेल त्याचा जबाब खेळाडूनेच द्यायचा, हा खेळाचा नियम. कर्माला हेतू चिकटलेला असतो असं मानत आलेल्या मला तो कठोर वाटतो. दोषाचा हिशेब हेतूवरून करता येईल, पण यकृत हेतू विचारत नाही.

म्हणून त्या मुलाशी मी पापाची भाषा वापरली नाही. सुश्रुताचं माप सांगितलं : व्यायाम निम्म्या बळाने करावा, श्वास तोंडाशी आला की थांबावं. याच भागात राजरत्न माणिकरावांनी नावारूपाला आणलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. अशा ठिकाणच्या वस्तादांनी हे माप पोरांना पुन्हा शिकवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि सायकल मारून बसलेल्या मुलाला लाजवून घालवू नये. त्याला हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्यावं. टेस्टोस्टेरॉन, एलएच, लिपिड, हिमोग्लोबिन आणि यकृत तपासून घ्यावं, आणि पुढचे काही महिने त्याच्या मनाकडेही घरच्यांनी लक्ष ठेवावं.