टाकलेल्या अन्नाची चोरी

जर्मनीत म्युनिकजवळच्या ओल्खिंग गावात २०१८ साली दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या कुलूपबंद कचरापेटीतून खाण्याजोगं अन्न उचललं. न्यायालयानं ती चोरी ठरवली. २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानंही निकाल बदलला नाही. पेटीत टाकला तरी माल दुकानाचाच, हा युक्तिवाद. शिक्षा तशी हलकी होती, आठ तास समाजसेवा. त्या विद्यार्थिनी पोटासाठी नव्हे, नासाडीच्या निषेधासाठी गेल्या होत्या. पण भुकेलेला माणूस पेटीत वाकला तरी कलम तेच लागतं.

शेजारच्या फ्रान्सनं २०१६ मध्ये प्रश्न उलटा धरला. मोठ्या दुकानांनी खाण्याजोगं अन्न मुद्दाम खराब करायचं नाही, ते सेवाभावी संस्थांना द्यायचं, असा कायदाच केला. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे पीक निघाल्यावर रानात सरवा वेचायला बायका येतात. पडलेली कणसं, राहिलेल्या शेंगा. जाणता शेतकरी त्यांना हटकत नाही. शहरात मात्र पाठीवर पोतं दिसलं की संशय आधी. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, उभी राहिली, पुढं त्यांना महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. अडवलं तर दाखवायला काहीतरी हाती आलं.

भंगारासाठी चालू तारेतलं तांबं कापणं मात्र वेगळं, ती चोरीच. आणि पेटीतलं कुजलेलं अन्न खाऊन कुणी आजारी पडेल, ही दुकानदाराची भीतीही खोटी नाही. मग माल पेटीत जाण्याआधीच, संध्याकाळी, मागच्या दारानं का देऊ नये?